तळ्यातली अकरावी चकती

चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायच्या खेळाची मैदानं आखण्यात आप्पांचा हात धरणारं कोणी नव्हतं. या नव्या मैदानात सातव्या टोपलीच्या अलीकडे त्यांनी मुद्दाम तळं ठेवलं होतं. "समोर पाणी दिसलं की भल्याभल्यांचा हात कापतो," म्हणायचे. पण तळं गुडघाभरच हवं, आणि ज्याची चकती बुडेल त्यानंच उतरून ती आणायची, हा त्यांचा नियम.

उद्या मैदान उघडायचं होतं. म्हणून आप्पांनी स्वतः दहा चकत्या पाण्यात टाकल्या आणि काठीनं तळ चाचपत एकेक वर काढली. पाणी कुठंच गुडघ्यावर गेलं नाही.

काठावर येऊन मोजल्या, तर अकरा.

अकरावीवर वर्षानुवर्षांचं शेवाळ होतं. अंगठ्यानं पुसलं, तर खाली पिवळा रंग, मागे बायकोचं नाव, तिच्याच तिरक्या अक्षरात. कडेला कुत्र्याच्या दातांच्या दोन खुणा.

"अहो, उभ्या उभ्या झोपलात की काय?" पलीकडच्या काठावरून बायको ओरडली. तिच्या हातात तिची नवी पिवळी चकती होती. तिच्या मागे नाव तिनं आज सकाळीच घातलं होतं, आणि चहा होईस्तोवर कुत्र्यानं ती चावलीही होती.

"थांब! टाकू नकोस!"

"का? हराल म्हणून?" तिनं हसत चपला काढल्या. "बुडाली तर आणते की उतरून. गुडघाभरच तर आहे, तुम्हीच म्हणता ना!"

चकती सुटली आणि मधोमध बुडाली. ती पाण्यात उतरायला निघाली.

आप्पांनी मघाशी पाण्यात उभे होते तिथंच काठी टेकली. काठी खाली जातच राहिली.