एकविसाव्या पानावरचा शिक्का

"मॅडम, एकवीस नंबरना पानवर तुमना शिक्का शे. त्याना खाले काय लिखेल शे, ते सांगा!"

कामिनी मॅडमच्या हातात त्या वेळीही शिक्काच होता. आश्रमशाळेच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांचा ढीग पुढ्यात घेऊन त्या बसल्या होत्या. फोनवर सातवीतली जमना. आरोग्याचं एक पुस्तक घेऊन ती शनिवारी घरी गेली होती, पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यावर.

"झालंय काय, ते आधी सांग."

"बबलूले कालपाईन जुलाब शेतस. डोया आत ग्यात. हाक मारी तरी दखस नही."

बबलू म्हणजे तिचा दोन वर्षांचा भाऊ. दवाखान्याच्या गाडीला फोन झाला होता, ती साक्रीहून निघाली होती; पण त्या रस्त्याने दोन तासांत पोचली तरी नशीब म्हणायचं. तोवर साखर-मीठ-पाणी पाजत राहायचं, हे पोरीला बरोब्बर आठवलं होतं. पुस्तकात मापही होतं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि मीठ... मिठापुढे जांभळा गोल शिक्का.

आता तिथे शिक्का कशाला? तर प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं. चोराने पहिलं पान फाडून टाकलं, तरी आतल्या त्या पानावरच्या शिक्क्यावरून पुस्तक ओळखता येतं. या शाळेचं गुप्त पान एकविसावं. चोर म्हणे! त्या डोंगरात पुस्तक चोरायला येतंय कोण? पोरांनी पुस्तक घरी न्यावं म्हणून मॅडमच त्यांच्या विनवण्या करायच्या. शिक्का मात्र त्यांनी स्वतः, चांगला दाबून मारला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

"अर्धा!" मॅडम ओरडल्याच. "अर्धा चमचा मीठ. सपाट!"

पलीकडून वाऱ्यातून जमनाचा आवाज आला.

"मॅडम, मायनी टाकी दिनं. अंदाजानं."

"किती?"

"तिलेबी माहीत नही."

"मग ओतून दे ते. दुसरं कर."

"साखर सरनी."

"शेजारी माग की गं!"

"शेजारी कोनी नही. बठ्ठा ऊस तोडाले ग्यात."

सगळा पाडाच ऊसतोडीला गेलेला. याच टेबलावर गेल्या शनिवारी कामिनी मॅडम हे पाणी मुलांच्या हातून करून घेणार होत्या. दर शनिवारी त्यांचा तोच नेम, पुस्तकातलं काहीतरी वाचायचं आणि लगेच हाताने करून बघायचं. चमचे, साखर, मीठ सगळं मांडून झालं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापक लीलाधर सर दारात येऊन उभे. "ग्रंथालयात साखर? मुंग्या लागतील पुस्तकांना. तोंडीच घ्या." आणि मॅडमनी तोंडी घेतलं! त्यांनी माप सांगितलं, मुलांनी एका सुरात म्हटलं, घंटा झाली. पोहणं कधी तोंडी शिकवलंय का कुणी? एका पोराच्या जिभेला त्या पाण्याची चव लागली नाही.

"जमना, बाटली आहे का जवळ?"

"काखमा शे."

घर खाली, रेंज टेकडीवर. म्हणून पोरगी पुस्तक आणि बाटली दोन्ही घेऊन एकटीच वर चढून आली होती. माय खाली बबलूला मांडीवर घेऊन बसलेली.

"नीट ऐक. एक घोट घे. आपल्या डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट लागलं तर चालेल. पळत जा आणि चमच्या-चमच्याने पाज. त्याहून खारट लागलं, तर थेंबसुद्धा देऊ नकोस. कळलं?" हे त्यांना कधीतरी एका नर्सबाईंनी सांगितलं होतं.

बूच उघडल्याचा आवाज आला. मग घोटाचा.

"बोल ना गं बाई! कसं लागतंय?"

पुन्हा एक घोट. मॅडम फोन कानात घुसवून उभ्याच राहिल्या. शेवटी जमनाचा हुंदका ऐकू आला.

"मॅडम, डोयासनं पानी तोंडमा जास. माले बठ्ठंच खारं लागस."