अब्बूचं गॅरेज

शाळेत मोबाइलवर चित्रं काढायचा प्रकल्प होता. अल्फियानं विषय लिहिला, 'अब्बूचं गॅरेज', आणि तिच्या आईनं, नुजहतनं, तो खोडायला लावला. "डॉक्टर-वकिलांच्या पोरी आहेत वर्गात, हसतील तुले. अंतराळ घे."

विषय बदलल्याचं अब्बूला, जमीरला, कुणी सांगितलंच नाही. रविवारी त्यानं दारव्ह्याचं गॅरेज झाडून काढलं, ईदचा शर्ट घातला, हातात पाना धरला आणि मायलेकींना बोलावून घेतलं. "चाल बेटा, काढ फोटो. यावरूनच काढशील ना चित्र?"

विषय आईनंच खोडायला लावला हे पोरगी आता सांगणार, म्हणून नुजहतची मान खाली गेली.

अल्फिया आईकडे न बघता म्हणाली, "मोबाइलात काळा रंगच नाही अब्बू, म्हणून विषय बदलला. टायर कशानं रंगवू?"