अंतरपाट

श्रोतेहो, जरा पुढं सरका. काचेच्या बशीतल्या लग्नाची कथा सांगते.

टेस्ट-ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत हेमलताताईंनी काल रत्नप्रभेला समजावलं होतं, “बीज फळलंय. आईबापाची दोन केंद्रकं शेजारी आलीत. प्रत्येकाभोवती प्रथिनांनी विणलेला पडदा आहे. तो विरला, की दोघांचं एक होईल.”

“म्हणजे अंतरपाटच की! अक्षता आणते,” चव्वेचाळीस वर्षांची रत्नप्रभा हसली. तिचं ते शेवटचं स्त्रीबीज होतं.

आज सकाळपासून ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. दोन्ही केंद्रकांची वर्तुळं एकमेकांना टेकली, पण पडदे तसेच राहिले. दुपारी बशीतलं बीजच काळवंडलं.

दाराशी रत्नप्रभा मूठ मिटून उभी होती. “विरला का हो पडदा?”

ताई म्हणाल्या, “नाही गं. गेलं.”

“पण जवळ होते ना दोघं?”

“अगदी टेकून.”

तिनं मूठ उघडली आणि अक्षता उंबऱ्यावर वाहिल्या.

देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या आईची आठवण ठेवा.