डाव्या कानातला माणूस

"आता बघा हं," कॉम्प्युटरवाला म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. "म्हणजे, ऐका."

ताईंना त्याचं काही वाटलं नाही. लोक बोलतातच असं. त्यांनी नवा हेडसेट डोक्यावर चढवला, माईकची दांडी ओठांजवळ ओढली आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. डाव्या कानात तो बोलू लागला. पडद्यावर जे जे उमटेल ते वाचून दाखवणारा त्यांचा नेहमीचा स्क्रीन रीडर. त्याला त्यांनी मुद्दाम पुरुषाचा आवाज दिला होता. घरात छळ होणाऱ्यांसाठीच्या या हेल्पलाईनवर फोन करणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांच्या बोलण्यात मशीनचा आवाज मिसळायला नको म्हणून.

"डावीकडे मशीन, उजवीकडे फोन," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "जुन्यात दोन्ही एकाच कानात कोंबलेलं होतं. कसं जमत होतं हो तुम्हाला?"

"दोन नणंदा असलेल्या घरात दिलं होतं मला. सवय आहे."

तो मोठ्याने हसला.

"पण पलीकडच्या माणसाला काय ऐकू जातं?" ताईंनी विचारलं.

"तुमचाच आवाज. दुसरं काय जाणार? ही हिरवी पट्टी हलतेय इथे, म्हणजे माईक चालू."

एकदा बाहेरच्या फोनवरून लावून खात्री करावी, असं ताईंच्या मनात आलं. पण सकाळपासून लाईन बंद होती, आणि त्याने सामान पिशवीत भरायलाही घेतलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या आणि लाईन सुरू केली.

फोन लगेच वाजला.

आधी नुसता श्वास. ताई थांबल्या. आपण घाई केली की बायका फोन ठेवून देतात.

"तुम्ही हे कुणाला सांगत नाही ना?" मागे नळ सोडलेला होता. त्या पाण्याच्या आडून ती बोलत होती.

"नाही. इथे मी आहे आणि तुम्ही आहात, बस. नाव सांगायचीही गरज नाही."

मग ती सांगू लागली. नवऱ्याचं. आधी नुसत्या शिव्या होत्या. मग हात उचलायला लागला. ते सोसलं तिने, पण आता मुलींवर आलंय. ताई ऐकता ऐकता टाइप करत होत्या. शब्द उमटला की डाव्या कानातला तो म्हणून दाखवत होता, बिनचूक, बिनसुराचा. नवरा मारतो. मुली दोन. थोरलीला भिंतीवर...

पलीकडे नळ बंद झाला.

"कोण आहे तिथे?"

"कुणी नाही. बोला ना तुम्ही."

"पुरुष आहे. आत्ता बोलला तो. थोरलीला भिंतीवर, असं म्हणाला."

ताईंची बोटं जागच्या जागी थिजली. "अहो, तो माणूस नाही. मशीन आहे. मला दिसत नाही, म्हणून ते मला वाचून..."

"मशीनला माझी थोरली कशी माहीत?"

फोन तुटला.

"कॉल संपला," डाव्या कानातला म्हणाला.

कॉम्प्युटरवाला दारापर्यंत पोहोचला होता. ताईंच्या हाकेसरशी तो माघारी आला. माऊस इकडेतिकडे फिरला, दोनदा टक् झालं.

"हां, हे बघा. 'कॉम्प्युटरचा आवाज कॉलमध्ये पाठवा', ही खूण राहिलीय. मघाशी आवाज येत नव्हता तेव्हा मीच करून बघितली असणार. काढली. बारीकशी गोष्ट होती, ताई."

"बारीकशी," ताई म्हणाल्या.

तो हळूच म्हणाला, "लावा की त्यांना परत. नंबर आला असेल ना?"

"आलाय. पण लावायचा नाही. या घटकेला तिचा फोन कुणाच्या हातात आहे, सांगता येईल तुम्हाला?"

त्याने पिशवी खाली ठेवली. शेजारची खुर्ची करकरली.

मध्ये एक फोन आला. ताईंनी तो झडप घालून घेतला. कुणाला तरी दवाखान्याची वेळ हवी होती. चुकीचा नंबर लागलाय म्हणून सांगताना ताईंचा आवाज नको इतका तुटक निघाला. मग त्यांनी स्क्रीन रीडरच बंद करून टाकला. डावा कान रिकामा झाला. आता पडदा, त्यावरच्या खिडक्या, मघाशी लिहिलेली ती तीन वाक्यं, सगळं त्यांच्यापुरतं पुसलं गेलं. वायरवरचं फोन उचलायचं बटण तेवढं बोटाखाली होतं.

"आता कशाला बंद करताय?" कॉम्प्युटरवाला म्हणाला. "नीट झालंय ना ते. मी स्वतः तपासलं."

ताईंनी बोट बटणावरून ढळू दिलं नाही.

फोन वाजला. श्वास. या वेळी पाणी वाहत नव्हतं.

"तो गेला का?"

ताईंच्या ओठांवर सगळा खुलासा आला होता. मशीन कसलं, कशासाठी, चूक कुठे झाली. तो त्यांनी गिळला.

"गेला," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा?"

"मुलींना शाळेतून आणायला गेलाय. येईलच एवढ्यात."

"मग आधी पत्ता सांगा."

"लिहून नका घेऊ. तुमच्या पाया पडते, कुठे लिहू नका."

कॉम्प्युटरवाल्याच्या हातात लिहायला घेतलेलं पेन टक् वाजलं. ताईंनी त्याच्या दिशेने हात वर करून त्याला थांबवलं आणि डोळे मिटून घेतले.

"लिहीत नाहीये. पाठ करतेय. सांगा."