गरम रोटी

ऐन थंडीत आई-अण्णांना मी गावाहून दोन दिवस संभाजीनगरला आणलं, ते आईनं एकदा तरी आयतं, गरम जेवावं म्हणून. मकबरा, दौलताबाद ही नुसती निमित्तं. पण हॉटेलातही ती घरच्यासारखीच. सगळ्यांचं जेवण उरकल्याशिवाय तुकडा मोडेना. शनिवारची दोन्ही जेवणं तशीच गेली. रविवारी दुपारी क्रांती चौकातल्या हॉटेलात मी हट्टच धरला, “आता तरी आमच्याबरोबर जेव.” “तुमचं होऊ द्या बाई, मी खाते मागून.” तिच्या ताटातली रोटी गारढोण झाली. वेटरनं ते पाहिलं. “अम्मा, रहने दो, गरम लाता,” म्हणत त्यानं भट्टीतली वाफाळती रोटी आणून तिला वाढली. थंडीनं उललेले हात आईनं वाफेवर धरले आणि पोरीसारखी हसली. तेवढ्यात अण्णांनी रोटी उचलून आपल्या ताटात घेतली. “तिला गारच आवडती,” त्यांनी वेटरला समजावलं. आई म्हणाली, “व्हय.”