बिनटाक्याचं ऑपरेशन

“ऑपरेशन लागणार नाही,” डॉ. ज्युली म्हणाल्या, आणि काशिनाथला हायसं वाटलं.

गासहून बोळिंजला येताना रिक्षात त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हात बधिर होण्याच्या दुखण्यात मनगट कापतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. धाकट्या भावाच्या, दिवाकरच्या मुलीची हळद आठवड्यावर आली होती. घर एकत्र, पाहुणे यायला लागलेले, वाडीतला सोनचाफा ऐन बहरात. अशा वेळी बायकोचा, सुमनचा हात बांधला गेला तर घराचं कसं व्हायचं, ही त्याची काळजी. सुमनचीही काळजी होती, नाही असं नाही. पण ती त्यानंतर होती, आणि हे त्याला इथे खुर्चीत बसल्यावर जाणवलं.

सुमनचा उजवा हात टेबलावर उताणा पडला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कित्येक महिने बधिर व्हायची. सकाळी उठली की ती बराच वेळ हात झटकत बसायची. “अंगाखाली आला असेल,” काशिनाथ म्हणायचा आणि चहा मागायचा. परवा तिच्या हातून आमटीचं पातेलं सुटलं. दिवाकरच्या बायकोचा पाय थोडक्यात वाचला, तेव्हा कुठे तो तिला घेऊन निघाला.

“मनगटातून जाणारी नस दबलीय,” डॉक्टर म्हणाल्या. “पण वेळ गेलेली नाही. हा पट्टा रोज झोपताना बांधायचा, म्हणजे मनगट सरळ राहील. बोटांचे व्यायाम शिकवते. सहा आठवड्यांत उतार पडला नाही, तर मनगटात एक इंजेक्शन देऊन बघू. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. मात्र तोवर पिळणं, चिरणं, वाटणं, फुलं खुडणं बंद. हात राबतच राहिला तर नुसत्या पट्ट्याने काय होणार? आणि दुर्लक्ष केलंत तर अंगठ्याखालचं हे मांस झिजून जातं. मग ते सहसा भरून येत नाही.”

“घेईल ती काळजी,” काशिनाथ म्हणाला.

सुमन पुढे सरकली. “डॉक्टर, तुम्ही ऑपरेशनच करा.”

डॉ. ज्युलींना हसू आलं. “अहो, लोक माझ्याकडे ऑपरेशन टाळायला येतात.”

“येत असतील. पण पट्टा बघून आमच्या घरी कुणी माझ्यासमोरची विळी उचलणार नाही. टाके बघितले तर उचलतील.”

सुरात तक्रार नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. डॉक्टरांनी काशिनाथकडे पाहिलं. ‘तसं काही नाही,’ हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. कारण तसंच होतं.

परतताना रिक्षाला गासचा रस्ता लागल्यावर काशिनाथ म्हणाला, “तो पट्टा बांध.”

“झोपताना बांधायचाय, अहो.”

“आत्ताच बांध.”

अंगणात मंडपाचे बांबू येऊन पडले होते. ओट्यावर काशिनाथची आई, द्वारकाबाई, सोनचाफ्याच्या कळ्या निवडत बसली होती. दिवाकरची बायको आतूनच म्हणाली, “आलात का वहिनी? बरं झालं. नारळ खवायचेत.”

“काय बोलली डॉक्टरीण?” दिवाकरने विचारलं.

सुमनने तोंड उघडायच्या आत काशिनाथ म्हणाला, “ऑपरेशन झालं. दीड महिना ह्या हाताने काडीही उचलायची नाही.”

भरल्या घरात एवढ्या मोठ्याने तो कधी खोटं बोलला नव्हता.

दिवाकरने खुर्ची पुढे ओढली. त्याची बायको धावत बाहेर आली, तिने सुमनच्या हातातली पिशवी काढून घेतली. “अगो बाई! आणि तशाच रिक्षातून आलात?” दिवाकरने खिशातून फोन काढला. हळदीचं जेवण बाहेरून मागवायचं, असं तो कुणाला तरी सांगू लागला. हे इतकं सोपं होतं, याचं काशिनाथला नवल वाटलं.

“इकडे ये गं,” द्वारकाबाई सुमनला म्हणाली.

सुमन तिच्यापुढे बसली. म्हातारीने तिचा हात मांडीवर घेतला आणि पट्टा सोडायला लागली. काशिनाथ घाईने ओट्यापाशी गेला. “आई, राहू दे,” तो म्हणाला, पण तिने लक्ष दिलं नाही. पट्ट्याचं टोक तिच्या चिमटीत येईना. काशिनाथ आईच्या हाताकडे बघत राहिला. अंगठ्याखाली मांस नव्हतंच. नुसता खळगा होता. जन्मभर तो त्या हातचं जेवला होता आणि आज पहिल्यांदा तो हात बघत होता.

शेवटी तिने डाव्या हाताने पट्टा उघडला. आत सुमनचं मनगट होतं. स्वच्छ, कोरडं, त्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. सुमनने मान खाली घातली. द्वारकाबाईने क्षणभर पाहिलं, पट्टा पुन्हा नीट बसवला आणि वरून पदर ओढून दिला.

“टाके ओले आहेत अजून,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “हिला कुणी काम सांगितलं तर माझ्याशी गाठ आहे.”

मग काशिनाथकडे न बघता, कळ्या पुढ्यात ओढून घेत ती हळूच म्हणाली, “तुझ्या बापाला असं एखादं खोटं सुचलं असतं, तर माझाही हात वाचला असता.”