पेनल्टीला पाठ

ताईला आत नेल्यापासून दाजी आणि मी क्लबच्या जुन्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याबद्दलच बोलत होतो. ऑपरेशनचा विषय काढायची दोघांचीही छाती होत नव्हती.

"शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आपल्याला," दाजी म्हणाले.

"आणि तुम्ही पाठ फिरवलीत."

"मी बघितलं की हुकते रे."

आपल्या क्लबची पेनल्टी दाजींनी जन्मात पाहिली नव्हती. गोल झाला की अख्खी गॅलरी ओरडायची, त्यावरून त्यांना कळायचं. हुकली तर कुणी काही बोलायचं नाही, मागून खांद्यावर नुसता हात यायचा. त्या दिवशी तो हात माझा होता. नंतर मैदानच मोडून टाकलं.

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. दाजी झटकन उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एरवी बघायचं काम माझं, पण आज मीही त्यांच्या शेजारी भिंतीकडे वळलो. चपलांचा आवाज जवळ आला आणि आमच्या मागे थांबला. कुणी काही बोललं नाही.

मग दाजींच्या खांद्यावर अलगद एक हात आला. ते मटकन खाली बसले.

"अहो, काय झालं तुम्हाला?" डॉक्टरबाई गोंधळल्या. "ऑपरेशन छान झालंय. शुद्धीवर आल्यात त्या."



"मग ओरडायचं ना, डॉक्टर," दाजी जमिनीवरूनच म्हणाले.